सर्व्हरचं बटण कोण दाबतं? चॅसी पॉवर, पिना आणि एक राखाडी वायर

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

हेडफोन लावलाय ना? छान. आता हा भाग ऐकताना तुमच्या हातात किंवा खिशात फोन असणारच. त्याच्या कडेला एक छोटं बटण आहे. ते हलकंच दाबलं की स्क्रीन बंद होते. थोडं जास्त दाबून धरलं की बंद करू का, रीस्टार्ट करू का असं विचारणारी चौकट येते. आणि फोन पार हँग झाला असेल, स्क्रीन ढिम्म हलत नसेल, तर आपण काय करतो? बटण दाबून धरतो, धरतो, धरतो... आणि फोन काही न विचारता बंद पडतो.

बघा, बटण एकच आहे, वायर एकच आहे. अर्थ बदलतो तो किती वेळ दाबलं त्यावरून. आपल्याकडे मिस्ड कॉलची भाषा होती ना, तशीच. एक रिंग म्हणजे ‘खाली ये, मी पोचलो’. रिंग वाजतच राहिली म्हणजे काहीतरी गडबड आहे, उचल. न बोलता निरोप.

आज आपण हाच निरोप सर्व्हरच्या बाबतीत समजून घेणार आहोत. समजा सर्व्हर नवी मुंबईत ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये आहे, रात्रीचे दोन वाजलेत आणि त्याला सांभाळणारी मुलगी नाशिकला घरी लॅपटॉप घेऊन बसलीये. सर्व्हर अडकलाय. त्याचं बटण कोण दाबणार? आणि दाबल्यावर तो खरंच बंद झाला की नाही, हे तिला कोण सांगणार?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, बरं का. एक हुकूम देण्याचा, दुसरा खात्री करण्याचा. आजचा सगळा भाग या दोघांमधल्या फरकावर आहे. कारण नोकरीत गोत्यात येतात ती माणसं बहुतेकदा याच फरकात अडकलेली असतात.

बटण म्हणजे नेमकं काय?

डेस्कटॉप असो की सर्व्हर, पुढचं पॉवरचं बटण थेट वीज तोडत नाही. भिंतीवरच्या स्विचसारखं ते नाहीये. मदरबोर्डवर एक वायर असते, तिच्यावर कायम बारीकसं व्होल्टेज असतं, साधारण ३.३ व्होल्ट. एका रेझिस्टरने तिला वर ओढून ठेवलेलं असतं, म्हणून त्याला पुल-अप म्हणतात. बटण दाबलं की ती वायर ग्राउंडला टेकते आणि व्होल्टेज शून्यावर येतं. सोडलं की परत वर. म्हणजे इथे शून्य हा ‘दाबलंय’ असा अर्थ घेतो. अशा सिग्नलला अ‍ॅक्टिव्ह लो म्हणतात. डोक्यात हे नीट बसवा, कारण नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. त्याला वाटतं एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. या वायरवर उलटं आहे.

बटणाचे धातूचे तुकडे एकमेकांना टेकताना थोडे थरथरतात. आपल्या बोटाला एकदाच दाबल्यासारखं वाटतं, पण वायरवर काही मिलिसेकंद शून्य-एक-शून्य-एक असा नाच चालतो. म्हणून चिपमध्ये थोडं थांबून मग खरं मानायची सोय असते. त्याला डीबाउन्स म्हणतात.

आता इंटेलच्या सर्व्हरवर ही वायर शेवटी चिपसेटला जाऊन मिळते. सर्व्हर बंद असताना क्षणभर दाबलं तर चिपसेट म्हणतो, उठा, चालू व्हा. सर्व्हर चालू असताना क्षणभर दाबलं तर तो ऑपरेटिंग सिस्टीमला कळवतो की बटण दाबलंय, तू तुझं आवर आणि बंद हो. पण साधारण चार सेकंदांच्या वर दाबून धरलं, तर चिपसेट ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतही नाही. थेट बंद. फोनसारखंच.

पॉवर सप्लायच्या तीन वायरी

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. घरात जुना डेस्कटॉप असेल तर त्याच्या पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा जाडजूड कनेक्टर तुम्ही पाहिला असेल. एटीएक्स पद्धतीचा. त्यात तीन वायरी आपल्या कामाच्या आहेत: जांभळी, हिरवी आणि राखाडी.

जांभळी वायर म्हणजे पाच व्होल्ट स्टँडबाय. कॉम्प्युटर बंद असला तरी केबल लावलेली आहे तोवर ही वायर जिवंत असते. म्हणून तर बटण दाबलेलं ओळखायला आत कोणीतरी जागं असतं. घर झोपलंय पण वॉचमन जागा आहे, तसं.

हिरवी वायर म्हणजे पीएस-ऑन. मदरबोर्ड ती शून्यावर ओढतो तेव्हा पॉवर सप्लाय मोठी वीज सुरू करतो. पुन्हा बघा, शून्य म्हणजे चालू. ही हुकमाची वायर.

आणि राखाडी वायर म्हणजे पॉवर ओके, काही जण पॉवर गुड म्हणतात. ही उत्तराची वायर. पॉवर सप्लाय आधी स्वतःचे सगळे व्होल्टेज तपासतो, ते ठरलेल्या मर्यादेत स्थिर झाले की मग साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत ही वायर वर जाते. म्हणजे पॉवर सप्लाय म्हणतो, ‘माझं सगळं ठीक आहे, आता तुम्ही प्रोसेसर उठवा.’ हे उत्तर येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो.

याच राखाडी वायरीचं दुसरं काम मला जास्त आवडतं. समजा भिंतीतली वीज अचानक गेली. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये थोडा साठा असतो. एटीएक्सच्या नियमांप्रमाणे वीज गेल्यानंतरही निदान १६ मिलिसेकंद ही वायर तग धरते, आणि मग व्होल्टेज ढासळायच्या किमान एक मिलिसेकंद आधी ती खाली येते. एक मिलिसेकंद म्हणजे काय हो? आपल्यासाठी काहीच नाही. पण तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी ते ३० लाख ठोके आहेत. तेवढ्यात तो अर्धवट विजेवर भलतंसलतं काही लिहून ठेवण्याआधी थांबवता येतो. एवढीशी वायर, पण घंटा वेळेवर वाजवते.

रॅकमधल्या सर्व्हरचे पॉवर सप्लाय वेगळ्या आकाराचे असतात, दोन-दोन असतात, चालू सर्व्हरमधून काढता-घालता येतात. रंग आणि आकडे बदलतात. पण स्टँडबाय, हुकूम आणि उत्तर ही तीन कामं तिथेही असतातच.

मग मध्ये बीएमसी येतो

बीएमसी म्हटलं की मुंबईकरांना लगेच महापालिका आठवते. खड्डे, पाणी वगैरे. हा बीएमसी वेगळा. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसलेला एक वेगळा छोटा कॉम्प्युटरच म्हणा. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, बरेचदा नेटवर्कचं पोर्टही वेगळं. अनेक सर्व्हरवर तैवानच्या अ‍ॅस्पीड कंपनीची चिप दिसते, एएसटी २५०० किंवा एएसटी २६००. तुमच्या फोनसारखाच एआरएम जातीचा प्रोसेसर आत असतो, आणि त्यावर बरेचदा लिनक्स चालतं. तो जगतो स्टँडबाय विजेवर. म्हणजे सर्व्हर बंद, पण बीएमसी टक्क जागा.

या चिपला दोनशेहून जास्त अशा पिना असतात ज्यांचं काम आधी ठरलेलं नसतं. जीपीआयओ, म्हणजे सर्वसाधारण कामाच्या इनपुट-आउटपुट पिना. प्रत्येक पिनेला तुम्ही सांगायचं, तू बोलणारी की ऐकणारी. बोलणारी असेल तर तिला शून्य किंवा एक करता येतं. ऐकणारी असेल तर तिच्यावर काय आहे ते वाचता येतं, आणि बदल झाला की ‘मला उठव’ असंही सांगून ठेवता येतं.

आता कोडं सुटलं ना? समोरच्या बटणाची वायर चिपसेटला जाण्याआधी बीएमसीकडून जाते. म्हणजे बीएमसी दोन गोष्टी करू शकतो. कोणी बटण दाबलं तर ते ऐकू शकतो. आणि कोणी दाबलं नसतानाही तीच वायर स्वतः खाली ओढू शकतो. चिपसेटला काही कळत नाही की बोट माणसाचं होतं की पिनेचं. नाशिकहून आलेला हुकूम शेवटी एका पिनेवर शून्य होऊन पोचतो. दूरवरून सर्व्हर चालू-बंद करणं म्हणतात ते इतकंच आहे.

आणि तिसरी गोष्ट. तो बटणाकडे दुर्लक्षही करू शकतो. रॅकमध्ये केबल ओढताना कुणाचा कोपर लागला आणि चालू सर्व्हर बंद झाला, असं होऊ नये म्हणून समोरचं बटण लॉक करता येतं. बोट दाबेल, पण निरोप पुढे जाणार नाही.

आतला हिशेब

२०१८ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनबीएमसी नावाचा खुला प्रकल्प आहे. सुरुवातीच्या कंपन्यांमध्ये मायक्रोसॉफ्ट, इंटेल, आयबीएम, गुगल आणि फेसबुक होत्या. त्यातला एक भाग एक्स८६ सर्व्हरच्या पॉवरचा कारभार बघतो. त्याचा कोड कुणीही वाचू शकतं आणि तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात ‘बटण दाबणं’ म्हणजे काय हे आकड्यांत लिहिलंय.

चालू करायचं असेल तर पॉवरची पिन २०० मिलिसेकंद खाली ओढायची आणि सोडायची. जबरदस्तीने बंद करायचं असेल तर १५ सेकंदांपर्यंत धरून ठेवायची. चिपसेटला चारच लागतात, पण हातचं राखून ठेवलंय. रीसेटची पिन वेगळी, ती ५०० मिलिसेकंद. हे मूळ आकडे आहेत, सर्व्हर बनवणारा ते बदलू शकतो.

पण खरी गंमत पिन सोडल्यानंतर आहे. तो प्रोग्रॅम ‘झालं, चालू केला’ असं म्हणत नाही. तो स्वतःची अवस्था बदलतो: ‘पॉवर ओकेची वाट बघतोय’. आणि घड्याळ लावतो, आठ सेकंदांचं. पॉवर ओकेची वायर वर आली की पुढची पायरी. आठ सेकंदांत आली नाही, तर तो नोंद करतो की चालू होण्यात अडचण आली, आणि परत ‘बंद’ या अवस्थेत जातो. हुकूम दिलाय म्हणून चालू झालंय असं तो धरून चालत नाही. वायर बघतो.

याच्याही पुढे एक पिन असते, बायॉसची सुरुवातीची तपासणी पूर्ण झाल्याचं सांगणारी. म्हणजे वीज आली हे एक, आणि सर्व्हर कामाला लागला हे दुसरं. ओपनबीएमसीमध्ये म्हणूनच चॅसीची अवस्था आणि होस्टची अवस्था वेगवेगळी ठेवलीये. चॅसी चालू म्हणजे डब्यात वीज आहे. होस्ट चालू म्हणजे आत कोणीतरी काम करतंय. घरात लाइट आहे म्हणजे घरात माणूस आहे असं नाही ना, तसं.

बंद करण्याचे तीन रस्ते

आता कामाचं बोलू. तुम्ही दूरवरून हुकूम देता तो दोनपैकी एका भाषेत. जुनी भाषा म्हणजे आयपीएमआय. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी आणलेली. नवी भाषा रेडफिश, २०१५ पासूनची, वेबसारखी चालणारी. दोन्हींमध्ये बंद करण्याचे प्रकार आहेत आणि नावं सारखी वाटली तरी परिणाम फार वेगळे आहेत.

पहिला, सॉफ्ट. हा ऑपरेटिंग सिस्टीमला विनंती करतो. ती सगळे प्रोग्रॅम बंद करते, डिस्कवर राहिलेलं लिहिते आणि मग स्वतःच वीज सोडते. ओपनबीएमसीचा तो प्रोग्रॅम यासाठी पाच मिनिटं वाट बघतो. पण ऑपरेटिंग सिस्टीम अडकलेली असेल तर विनंती ऐकायलाच कोणी नसतं.

दुसरा, ऑफ. हा चार सेकंदवाला. कुणाला न विचारता.

तिसरा, सायकल आणि रीसेट, ही जोडगोळी. सायकलमध्ये वीज खरंच जाते, थोडा वेळ थांबते आणि परत येते. रीसेटमध्ये वीज जात नाही, फक्त प्रोसेसर पहिल्यापासून सुरू होतो. एखादं कार्ड अडकलं असेल तर रीसेटने ते सुटेलच असं नाही, कारण त्याची वीज गेलीच नाही. आणि एक बारकावा लक्षात ठेवा. सर्व्हर आधीच बंद असेल तर सायकलचा हुकूम बहुतेक ठिकाणी काहीच करत नाही. त्याला ‘ऑन’च सांगावं लागतं.

दुसरा रस्ता धोक्याचा का? कारण तुम्ही फाइल सेव्ह केली म्हणजे ती लगेच डिस्कवर गेली असं नसतं. लिनक्स ते मेमरीत ठेवतं आणि सवडीने लिहितं. मूळ सेटिंग बघितली तर ३० सेकंदांपर्यंतचं लिखाण मेमरीत थांबलेलं असू शकतं. चांगले डेटाबेस महत्त्वाचं लिखाण लगेच डिस्कवर टाकायला लावतात, फाइल सिस्टीमही जर्नल ठेवते, त्यामुळे दर वेळी वाटोळं होतं असं नाही. पण जे मेमरीत होतं ते गेलं. ते कुणाचं तरी काम होतं.

एका श्रोत्याचा प्रश्न

आपल्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. नाव सांगत नाही, कंपनीही नाही. तो रात्रपाळीला असतो. म्हणतो, ‘दादा, स्क्रीनवर सर्व्हर बंद दाखवत होता. मी रॅकपाशी गेलो तर पंखे फिरत होते. सिनिअर फोनवर म्हणाले, बंद आहे ना, मग काढ डिस्क. मी थांबलो. सकाळी मलाच बोलणी बसली, की तुझ्यामुळे वेळ गेला आणि सर्व्हर मुळात तूच बंद केला असशील. माझं चुकलं का?’

मित्रा, तुझं काहीही चुकलं नाही. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये. कारणं ऐक.

स्क्रीनवरचं ‘बंद’ हे एका पिनेचं वाचन आहे. पंखे हे दुसरं वाचन आहे. दोन वाचनं जुळत नाहीत तेव्हा काम थांबवायचं, हा नियमच धर. न जुळण्याची कारणं साधी असू शकतात. एक, काही सर्व्हरमध्ये स्टँडबायवरही एखादा पंखा हळू फिरतो. दोन, पॉवर ओकेची वायर कुठल्यातरी बिघाडामुळे खाली गेली असेल, आणि मध्येच अर्धवट अवस्था असेल. तीन, बीएमसीचं सॉफ्टवेअर अडकलं असेल आणि स्क्रीनवर जुनंच उत्तर दिसत असेल. आणि चार, ही सगळ्यात घातक आणि सगळ्यात नेहमीची शक्यता: तू ज्या डब्यासमोर उभा होतास तो हा सर्व्हर नव्हताच. पत्ता एकाचा, लेबल दुसऱ्याचं.

चौथ्या शक्यतेवर उपाय अगदी सोपा आहे, आणि तोही पिनेचाच. बहुतेक सर्व्हरवर ओळखीचा दिवा असतो, सहसा निळा. आयपीएमआयमध्ये ‘चॅसी आयडेंटिफाय’ असा हुकूम दिला की तो लागतो, वेळ सांगितली नाही तर साधारण १५ सेकंद. जास्त वेळही सांगता येतो. दूर बसलेल्याने दिवा लावायचा, रॅकपाशी उभ्या असलेल्याने ‘दिसला’ म्हणायचं, मगच हात लावायचा. बंद करण्याच्या हुकमाआधीही हेच. बसच्या कंडक्टरने दोरी ओढल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, तशी शिस्त.

आता दुसरा आरोप, ‘तूच बंद केलं असशील’. यावर वाद घालायची गरज नाही, सर्व्हरला विचारायचं. आयपीएमआयच्या चॅसी स्टेटसमध्ये शेवटची पॉवरची घटना कशामुळे झाली ते येतं: बाहेरची वीज गेली, जास्त लोड झाला, बिघाड झाला की हुकूम आला. शिवाय सर्व्हर पुन्हा सुरू का झाला याचं कारण वेगळं विचारता येतं: बटणामुळे, हुकमामुळे, वॉचडॉगमुळे की वीज परत आल्यावर ठरलेल्या धोरणामुळे. बीएमसीला बटणाची पिन ऐकू येते म्हणून त्याला बोट आणि हुकूम यांतला फरक कळतो. त्याच्या जोडीला घटनांची यादी असते, वेळेसकट. फक्त बीएमसीचं घड्याळ बरोबर लावलेलं हवं, नाहीतर तो पुरावा १९७० सालचा निघतो!

म्हणून रात्रपाळीच्या सगळ्यांना सांगतो. शिफ्ट सुरू झाली की यादी सेव्ह करायची सवय लावा. हुकूम देण्याआधी स्टेटस, दिल्यानंतर स्टेटस, दोन्ही वेळा लिहून ठेवा. सिनिअर फोनवर सांगत असतील तर म्हणा, ‘सर, एवढं चॅटवर टाकता का?’ उद्धटपणा नाही यात. आणि डिस्क किंवा मेमरी काढायची असेल तर, जी गोष्ट चालू सर्व्हरमध्ये बदलायची म्हणून बनवलेली नाही तिच्यासाठी, दोन्ही पॉवर केबल काढा. केबल हातात आहे, बोर्डवरचे दिवे विझलेत, मगच झाकण उघडा. जांभळी वायर आठवतेय ना? केबल आहे तोवर आत वीज आहे, स्क्रीन काहीही म्हणो.

घरी करून बघायचंय?

कॉलेजची मुलं नेहमी विचारतात, सर्व्हर कुठून आणू? नको आणूस. जुना डेस्कटॉप आणि रास्पबेरी पाय पुरे. मदरबोर्डच्या कोपऱ्यात समोरच्या पॅनेलच्या पिना असतात. दोन पॉवर बटणाच्या, दोन रीसेटच्या, दोन पॉवरच्या दिव्याच्या, दोन हार्ड डिस्कच्या दिव्याच्या. पायकेव्हीएम नावाचा खुला प्रकल्प नेमकं हेच वापरतो. बटणांच्या दोन जोड्या हुकमासाठी, दिव्यांच्या दोन जोड्या बघण्यासाठी.

मात्र पायची पिन थेट मदरबोर्डला जोडू नका. मध्ये ऑप्टोकपलर किंवा छोटा सॉलिड स्टेट रिले ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंची वीज वेगळी राहते, निरोप फक्त प्रकाशाने जातो. कोड लिहाल तेव्हा जुन्या पद्धतीच्या फाइलींऐवजी लिबजीपीआयओडी वापरा. आणि एक सापळा सांगून ठेवतो. कॉम्प्युटर झोपलेला असताना अनेक बोर्डांवर पॉवरचा दिवा लुकलुकतो. तुमचा प्रोग्रॅम एकदाच वाचेल तर कधी म्हणेल चालू, कधी म्हणेल बंद. म्हणून दोन-तीन सेकंद बघत राहा, मग निर्णय घ्या. पॉवर सप्लाय मात्र उघडायचा नाही. बंद असला तरी आतले कपॅसिटर जोरदार झटका देतात.

किल्ली कुणाकडे?

आता थोडं गंभीर. जी पिन तुम्ही नाशिकहून ओढू शकता, ती दुसरं कोणी कुठूनही ओढू शकतं, जर बीएमसी उघड्यावर असेल तर. आयपीएमआय ६२३ नंबरच्या पोर्टवर ऐकतो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एक मुळातलीच अडचण आहे, २०१३ पासून जाहीर. पासवर्ड तपासण्याआधीच तो पासवर्डपासून बनवलेला हॅश समोरच्याला देतो. तो घेऊन निवांत घरी बसून फोडत बसता येतं. आणि मार्च २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी सॉफ्टवेअरमधली एक चूक जाहीर झाली, सीव्हीई-२०२४-५४०८५. लॉगिनच टाळता येत होतं. तीव्रता दहापैकी दहा. जूनमध्ये अमेरिकेच्या सीसा या संस्थेने ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या चुकांच्या यादीत टाकली. म्हणजे ही भीती पुस्तकी नाहीये.

उपाय? बीएमसीचं पोर्ट इंटरनेटला कधीच नाही. त्याचं नेटवर्क वेगळं, पासवर्ड कारखान्यातला नाही, सॉफ्टवेअर अपडेटेड.

पण वेगळं नेटवर्क म्हणजे खरंच वेगळं हवं. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं सुमारे सहा तास बंद होतं. कंपनीने नंतर सांगितलं की मुख्य नेटवर्कबरोबर देखभालीचा तो दुसरा मार्गही बंद पडला होता, म्हणून इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावं लागलं. तेव्हा नाशिकहून ओढायची दोरी कशाला बांधलीये, हे आधीच बघून ठेवा.

आणि शेवटचा मुद्दा, आपल्याकडचा. लाइट जाणं आणि येणं. बीएमसीमध्ये एक धोरण ठरवता येतं: वीज परत आली की सर्व्हरने कायम चालू व्हायचं, कायम बंद राहायचं, की आधी जसा होता तसं व्हायचं. ‘कायम चालू’ ऐकायला बरं वाटतं. पण यूपीएस संपून सगळा रॅक पडला आणि वीज आल्यावर पन्नास सर्व्हर एकदम उठले, तर सुरुवातीचा झटका मोठा असतो आणि ब्रेकर परत पडू शकतो. शिवाय डेटाबेस उठायच्या आधी त्याच्यावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम उठले तर वेगळाच तमाशा. म्हणून थोड्या थोड्या अंतराने उठवायची सोय अनेक ठिकाणी असते. तुमच्या सर्व्हरवर काय लावलंय हे पावसाळ्याआधी बघून घ्या, पाऊस सुरू झाल्यावर नाही.

तर मंडळी, या आठवड्यात एवढं करा. तुमच्या ताब्यात सर्व्हर असेल तर तीन गोष्टी तपासा: ओळखीचा दिवा लागतोय का, बीएमसीचं घड्याळ बरोबर आहे का, आणि वीज परत आल्यावरचं धोरण काय आहे. दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हर नसेल तर घरातल्या जुन्या डेस्कटॉपचं झाकण उघडून ती राखाडी वायर शोधा. आधी केबल काढा हं!

पुढच्या भागात वॉचडॉगबद्दल बोलू. म्हणजे माणूस झोपलेला असताना अडकलेल्या सर्व्हरला स्वतःहून उठवणारा टायमर. तोवर तब्येत सांभाळा, रात्रपाळीवाल्यांनी चहा कमी प्या. भेटूच!